महाराजांनी आधी पोरांच्या राहण्याची सोय केली

मा. सामाजिक न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
यांस सविनय नमस्कार.

साहेब, २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीला आपण कोल्हापुरात आलात, तर दसरा चौकात पुतळ्याला हार घालून झाल्यावर अर्धा तास राखून ठेवा. चौकाच्या आजूबाजूला महाराजांच्या काळातली बोर्डिंगं आहेत. एखाद्यात जा, पोरांच्या खोलीत बसा.

मी भुदरगडातला. १९७४ साली, महाराजांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, वडिलांनी वळकटी आणि तांदळाचं पोतं एसटीच्या टपावर टाकून मला इथल्या एका बोर्डिंगात आणून सोडलं. सहा वर्षं तिथं राहिलो. शिक्षक झालो, आता निवृत्त आहे. ती खोली नसती तर गावातच गुरं राखली असती.

महाराज १८९४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी गादीवर आले. शाळा-कॉलेज शहरात आणि शिकायची पोरं खेड्यात, हे दुखणं त्यांनी लवकर ओळखलं. १८९६ मध्ये सगळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं. बहुजनांच्या पोरांना तिथं थारा मिळेना. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. पुढं मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. महाराजांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, दरसाल अनुदान दिलं आणि त्या त्या समाजातली माणसं कारभाराला उभी केली. जातवार बोर्डिंगं काढली म्हणून आजही काही जण नाक मुरडतात. त्यांना माझं एवढंच सांगणं, की सगळ्यांना एकत्र ठेवून बघायचा प्रयोग महाराजांनी आधी केला होता. आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलासमोर गाडी थांबवून चहा पिणारा राजा जात पाळणारा नव्हता.

आता तारखा पाहा, साहेब. मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला २६ जुलै १९०२ रोजी. महाराज तेव्हा विलायतेत होते. मराठा बोर्डिंग त्याच्या आदल्या वर्षीचं. नोकरी राखून ठेवायची तर शिकलेला पोरगा हवा, आणि पोरगा शिकायचा तर त्याला शहरात पाठ टेकायला जागा आणि पोटाला भाकरी हवी. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं ते त्यानंतर, १९१७ मध्ये. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. तेव्हाच्या रुपयाची किंमत लक्षात घेतली म्हणजे त्या हुकमामागची तळमळ कळते.

महाराजांच्या नावानं शासनाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, ती चांगलीच आहे. पण फी हा खर्चाचा एक भाग झाला. माझ्या ओळखीची चंदगडची एक मुलगी. बारावीला उत्तम गुण, कोल्हापुरात प्रवेश मिळाला. वसतिगृहाची यादी लागली दिवाळीनंतर. कॉलेज जूनअखेरीस सुरू झालेलं. मधले चार महिने तिच्या बापानं राजारामपुरीत कॉटचं भाडं आणि मेसचे पैसे भरले, त्यासाठी म्हैस विकली. यादीत तिचं नाव होतं. म्हैस मात्र गेली. शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, कुठल्याही वाडीवर विचारा, अशी घरं सापडतील. आणि मुलीच्या बाबतीत राहण्याची सोय लांबली की घरात दुसरीच बोलणी सुरू होतात. चाळीस वर्षं शाळेत होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून मागणं थोडकं आहे. कॉलेजचा प्रवेश पक्का होईल त्याच आठवड्यात वसतिगृहाची यादी लागावी. जागा कमी पडली तर राहण्या-जेवणाचा भत्ता पहिल्या महिन्यापासून हातात पडावा, वर्ष संपल्यावर नको. आणि महाराजांच्या काळातल्या ज्या बोर्डिंगांत आजही पोरं राहतात, तिथल्या छपरांना, संडासांना, स्वयंपाकघरांना दुरुस्तीसाठी निधी मिळावा. पावसाळ्यात कोल्हापूर कसं झोडपलं जातं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

२६ जूनला मी सकाळी आठपासून चौकात असेन. आपण याल तर खोल्या मी दाखवतो. पोरांना आधी सांगून ठेवणार नाही, जसं आहे तसंच बघा.

आपला नम्र,
बोर्डिंगातला एक जुना विद्यार्थी, कोल्हापूर