वेताळाला मारून काय मिळवलेत?

महोदय,

रविवारच्या पुरवणीत विक्रम-वेताळाची गोष्ट छापलीत, बरे वाटले. शेवट वाचला आणि डोके फिरले. राजाने तलवार उपसून वेताळाचे दोन तुकडे केले, साधुमहाराजांनी आशीर्वाद दिला, राज्यात सुखशांती नांदू लागली! गोष्टीखाली नाव नाही, त्यामुळे हा पराक्रम राजाचा की आपल्या उपसंपादकाचा, कळायला मार्ग नाही.

अहो, वेताळाने राजाचा जीव वाचवला होता! ही गोष्ट ज्यात आहे तो संस्कृत कथासंग्रह ‘कथासरित्सागर’ अकराव्या शतकातला. त्यातला भिक्षू क्षांतिशील राजाला रोज एक फळ आणून देतो, फळाच्या पोटात रत्न. त्या भिडेपोटी राजा रात्री मसणात जाऊन झाडावरचे प्रेत खांद्यावर घेतो. शेवटी प्रेतातला वेताळच त्याला सावध करतो, की हा भिक्षू तुझाच बळी देणार आहे. साष्टांग नमस्कार घाल म्हणाला, तर आधी तुम्ही घालून दाखवा म्हण. भिक्षू आडवा होतो आणि राजा त्याचे मुंडके उडवतो. भूत खरे बोलले, खुनी निघाला तो भिक्षू. मुलांना हे झेपणार नाही, असे आपणच ठरवून टाकलेत. चांदोबात दर महिन्याला हाच वेताळ राजाला पेचात पकडायचा, उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकले होतील म्हणायचा. आम्ही वाचले आणि धडधाकट आहोत.

कहर म्हणजे त्याच पानावर एका अभ्यासकांचा लेख. धड वाईट नाही, धड चांगला नाही असा राक्षस मराठी अद्भुतकथेत म्हणे आता कुठे अवतरतो आहे. पान लावणाऱ्याने निदान दोन्ही मजकूर वाचायचे!

असा राक्षस कोणी लिहिला तर त्याचे काय होते, ते मी सांगते. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाला कथा पाठवली होती. गावच्या सीमेवरचा देवचार, म्हणजे गाव राखणारे भूत, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. रानात चुकलेल्या बाईला तो काठी आपटत वाटेला लावतो. पण ज्याने भावाच्या जमिनीत बांध सरकवलेला असतो, त्या माणसाला रात्रभर रानात फिरवतो आणि सकाळी तो मेलेला सापडतो. संपादकांचा फोन आला : “बाई, तुमचा देवचार चांगला की वाईट, एक काय ते ठरवा. आणि शेवटी मांत्रिक आणून त्याचा बंदोबस्त करा.” मी म्हटले, राखणदाराचा बंदोबस्त केला तर सीमा कोण राखणार? ते म्हणाले, वाचकाला समाधान हवे. कथा साभार परत. त्या अंकात मांत्रिक मात्र भरपूर होते, सगळे यशस्वी.

आमच्या वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला या, म्हणजे कळेल. तिथे वेतोबाला, म्हणजे गावाने देव मानलेल्या वेताळालाच, केळ्यांचा घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. रात्री गावाभोवती फिरून तो वहाणा झिजवतो, अशी श्रद्धा. त्याला लोक भितातही आणि नवसही त्यालाच बोलतात. तुमच्या अभ्यासकांना हे नवे वाटत असेल तर वाटो.

गोष्टीसोबतच्या चित्राबद्दलही बोलते. वेताळाला शिंगे, विलायती सुळे आणि मागे लाल झगा कशासाठी? तो प्रेतात शिरून झाडाला उलटा लटकतो, त्याला झग्याची काय गरज? आणि राजाच्या डाव्या हाताला सहा बोटे आहेत, मोजून पाहा.

पुढच्या रविवारी मूळ शेवट छापावा, ही विनंती. मागे माझे पत्र अर्धे कापून छापले होतेत. या वेळी कात्री चालवायचीच असेल तर आरवलीच्या मजकुरावर चालवा, भिक्षूला हात लावू नका.

– एक वाचक, वेंगुर्ले