जिजी, हे पत्र नातवाकडून वाचून घ्या

जिजी,

तुम्ही सुरतेला गेलात त्या सकाळी मला तुमच्या पाया पडायचं होतं. अजून तेवढं वाकता येत नाही, म्हणून उभ्यानेच हात जोडले. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली तरी बोलायचं ते तोंडातच राहिलं. ते आज लिहिते आहे. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण खुब्याचं ऑपरेशन होऊन घरात पडलेल्या आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून झुरणाऱ्या बाया आपल्या अमळनेरातही असतील. त्यांच्या भिंतीपलीकडे जिजी राहत असेलच असं नाही.

ऑपरेशन डिसेंबरात धुळ्याला झालं. डावा खुबा सहा वर्षं झिजत होता, शेवटी बदलावाच लागला. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं केलं, पाचव्या दिवशी घरी पाठवलं. इथवरचं सगळ्या भाऊबंदांना माहीत आहे, भेटायला सगळे तेव्हाच आले होते. त्यानंतरचे महिने कसे गेले ते तुम्हाला माहीत.

दवाखान्यातून निघताना एक कागद मिळाला होता. खुबा 90 अंशांच्या पुढे वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, ऑपरेशनचा पाय आत वळवायचा नाही, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवायची. नाहीतर नवा सांधा निखळू शकतो. कागदावर चार ओळी, पण आपल्या घरात सगळं जमिनीवरच चालतं. भाजी निवडणं जमिनीवर, देवपूजा जमिनीवर, ताट जमिनीवर, संडास उकिडवं बसायचा. पहिल्या दिवशी मी पलंगाच्या काठावर बसून होते आणि आपल्याच घरात आपल्याला कुठे बसता येणार नाही, हे मोजत होते.

तेवढ्यात तुम्ही आलात. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दादर ज्वारीच्या भाकरी आणि मेथीच्या भाजीचं फडकं, मागे नातू तुमची जुनी कमोडची खुर्ची घेऊन. तीन वर्षांपूर्वी तुम्ही ओट्यावरून पडलात, खुब्याचं हाड मोडलं आणि नुसता गोळा बदलावा लागला, तेव्हाची ती खुर्ची. माळ्यावरून काढून, धुऊन, उन्हात वाळवून आणली होती. "मना अर्धा खुबा शे, तुना पुरा," असं म्हणालात आणि माझ्या शेजारी बसलात. परकर पायांतून न चढवता डोक्यावरून घालायचा, हे मला दवाखान्यात कोणी सांगितलं नव्हतं. ते तुम्ही दाखवलंत. रोज सकाळी लेकीसमोर अवघडणं त्या दिवसापासून संपलं.

रात्रींबद्दल मी तेव्हा कोणाशी बोलले नाही, तुमच्याशीही नाही. कूस बदलायची नाही, उताणंच निजायचं. दोन-अडीचला जाग यायची आणि मग वरच्या पंख्याकडे बघत पडून राहायचं. दुखणं सोसता येतं. पण ऑपरेशनला हो म्हणून चूक केली का, हा विचार त्या वेळी यायचा आणि तो सोसवायचा नाही. तुमचं मोरीतलं नळाचं पाणी पहाटे साडेचारला वाजायचं. मी त्या आवाजाची वाट बघायचे. तो आला की रात्र संपली. तुम्हाला हे माहीत नाही, जिजी. आज कळवते.

पाचव्या आठवड्यात पोटरी सुजली होती, आठवतं? घरातले म्हणाले, आज जास्त चालणं झालं असेल, शेक देऊ. तुम्ही हात लावून पाहिलंत, दुसऱ्या पोटरीपेक्षा गरम लागली, आणि शेकाची पिशवी बाजूला ठेवायला लावलीत. "आधी डॉक्टरले फोन लाव." अशा ऑपरेशननंतर पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, ती सरकून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या त्यासाठीच असतात. हे मला नंतर डॉक्टरांनी समजावलं. त्याच दिवशी पायाची सोनोग्राफी झाली. गाठ नव्हती. घरच्यांना वाटलं, उगाच धावपळ झाली. मला तसं कधी वाटलं नाही. गाठ निघाली असती तर त्या दिवशी आपण वेळेत पोचलो होतो.

आणि गल्लीतले ते विजेचे खांब! जानेवारीत पहिल्या खांबापर्यंत, फेब्रुवारीत तिसऱ्या, मार्चच्या सुरुवातीला पाचव्या. मग अचानक बाजूचे स्नायू इतके धरले की पुन्हा दुसऱ्यावर. त्या पंधरवड्यात मला कोणाचं तोंड बघवत नव्हतं. येणारा प्रत्येक जण कोणाचं तरी उदाहरण घेऊन यायचा. कोणाची नणंद महिन्यात मंदिरात चालत गेली, कोणाचे सासरे दीड महिन्यात गाडी चालवायला लागले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण ती माणसं उठून गेली की मला माझा पाय दगडासारखा वाटायचा.

तुम्ही एकदाही "लवकर बरी हो" म्हणाला नाहीत. रोज संध्याकाळी विचारायचात, "आज कालसारखंच शे का?" मी रडवेली होऊन हो म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "मंग चांगलं शे." कालच्यासारखं असणं चांगलं असू शकतं, हे मला त्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. आणि दुसऱ्या खांबावरून परत फिरताना तुम्ही जे बोललात ते मी घरी आल्यावर लेकीला लिहून ठेवायला लावलं: "कपाशी आज लाई नी उद्या येचाले येस का व?" म्हणजे आज लावलेली कपाशी उद्या वेचायला येते का?

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी फोटो काढला. सांधा नीट बसला होता. मग लंगडते का, पाय लांब झाल्यासारखा का वाटतो, असं मी विचारलं. ते म्हणाले, सहा वर्षं तुम्ही त्या पायाला जपत चाललात, कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू रोडावले. सांधा दोन तासांत बदलता येतो, स्नायू भरायला सहा महिने लागतात, कोणाला वर्ष. म्हणजे तुमची कपाशीच, जिजी, फक्त दवाखान्याच्या भाषेत.

त्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत, हा असा सांधा कोणी घडवला? लेकीने मोबाईलवर वाचून सांगितलं. जॉन चार्नली नावाचे इंग्लंडचे डॉक्टर. त्यांनी आधी बसवलेल्या टेफ्लॉनच्या वाट्या थोड्याच वर्षांत झिजून वाया गेल्या. ते थांबले नाहीत, वेगळ्या चिवट प्लास्टिकची वाटी आणि धातूचा लहान गोळा 1962 साली वापरायला लागले, आणि तिथून हे ऑपरेशन जगभर गेलं. तुम्ही ऐकून घेतलंत, घरी गेलात, आणि दुसऱ्या दिवशी म्हणालात, काल दिवा लावताना त्या डॉक्टरचंबी नाव घेतलं. मीही आता घेते.

एक गोष्ट मीही तुम्हाला देऊ शकले, याचं समाधान आहे. काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात धरायची, असं फिजिओथेरपीच्या ताईंनी मला शिकवलं. तुम्ही तीन वर्षं ती दुखऱ्या बाजूलाच धरत होता. "आते सांगस का व?" म्हणालात आणि तिथल्या तिथे हात बदललात. चार पावलांत तुमचं झुकणं कमी झालेलं मी पाहिलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधले तेव्हा मी फळीवर बसू शकत नव्हते. तुम्ही मला भिंतीशी उभं केलंत आणि नातींना झोका द्यायचं काम दिलंत. पुढे आठ दिवसांनी सखाराम महाराजांच्या रथाच्या दिवशी ऊन एवढं होतं की दुपारी दारात उभं राहवत नव्हतं. आपण दोघी उन्हं उतरल्यावर निघालो. बोरी नदीच्या पात्रात उतरण्याचा हट्ट मी केला नाही, तुम्हीही आग्रह केला नाहीत. कठड्याला टेकून वरूनच हात जोडले. घरी परतताना खांब मोजायचे राहूनच गेले, ते मला रात्री निजताना लक्षात आलं.

आता सातवा महिना चालू आहे. अजून थोडी लंगडते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे आता मनात म्हणावं लागत नाही. कुशीवर निजता येतं, उशी घेऊन. पहाटे साडेचारला तुमच्या मोरीतलं पाणी वाजत नाही, तेवढं चुकल्यासारखं होतं.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली खानदेशची देवी कानबाई बसेल. सुरतेतही आपली माणसं बसवतात हे ठाऊक आहे, तरी तुम्ही इकडे या. तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मी निवडून ठेवले आहेत, टेबलावर ताट घेऊन, उभ्याने. गाडी कोणत्या वेळेची ते नातवाला कळवायला सांगा, मी स्टेशनवर येते. आणि कानबाईसमोर दोन खुर्च्या मांडून ठेवते.

तुमची,
भिंतीपलीकडची शेजारीण