सीसीटीव्हीसाठी मोठी बॅटरी घेण्याआधी जोडणी बदलावी

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

सप्रेम नमस्कार.

गेटवरच्या डीव्हीआरसाठी (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) ७ ऐवजी ४२ अँपिअर-तासांची बॅटरी घेण्याचा प्रस्ताव कृपया थांबवावा. जनरेटर १०-१५ सेकंदांत भार उचलतो, तेवढ्यासाठी आहे ती बॅटरी भरपूर आहे. तरीही डीव्हीआर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि मिनिट-दीड मिनिटाचं चित्रण जातं, ते रिलेमुळे, म्हणजे वीज गेल्यावर भार अ‍ॅडॉप्टरवरून बॅटरीवर नेणाऱ्या स्विचमुळे.

या रिलेची कॉइल (स्विच ओढून धरणारं तारेचं वेटोळं) अ‍ॅडॉप्टरच्या १२ व्होल्टवरच जोडली आहे. वीज गेली की तो व्होल्टेज हळूहळू उतरतो आणि कॉइलवर जेमतेम दोन-चार व्होल्ट उरेपर्यंत रिले सुटत नाही. डीव्हीआर त्याआधीच बंद पडलेला असतो. कॉइल २३० व्होल्टच्या बाजूला नेली तरी संपर्क फिरायला ५-१० मिलिसेकंद जातात. आपला भार सुमारे ६ अँपिअर. १० मिलिसेकंदांत व्होल्टेज १ व्होल्टपेक्षा जास्त पडू द्यायचा नसेल, तर ६०,००० मायक्रोफॅरडचा, म्हणजे फारच मोठा कपॅसिटर (क्षणभर वीज साठवणारा भाग) लागेल. त्यापेक्षा रिलेच काढावा.

त्याजागी एमबीआर २०४५ सीटी हा जोड-शॉट्की डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड एकत्र) बसवावा. एका टोकाला १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (मेन्सवर चालणारा पॉवर सप्लाय), १२.५ व्होल्टवर लावलेला. दुसऱ्या टोकाला बॅटरीवरचा बक-बूस्ट कन्व्हर्टर (बॅटरीचा व्होल्टेज कमी-जास्त झाला तरी ठरलेलाच व्होल्टेज देणारा), ११.८ वर. मधल्या पायातून डीव्हीआर आणि कॅमेरे. ज्याचा व्होल्टेज जास्त तोच भार उचलतो, त्यामुळे मध्ये खंड पडत नाही. बॅटरी थेट डायोडला जोडू नये: चार्जिंगवर ती १३.६ व्होल्टला असते, म्हणजे वीज असतानाही तीच रिकामी होत राहील. तिला वेगळा, ०.७ अँपिअरपर्यंतचा चार्जर हवा.

कन्व्हर्टरला एकदम भार पेलायला क्षणभर लागतो, म्हणून डायोडनंतर ४,७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावावा. स्वस्त कन्व्हर्टरवर छापलेल्या अँपिअरपैकी निम्मेच खरे धरावेत. डायोडमध्ये सुमारे ३ वॅट उष्णता होते, हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) लागेलच. डायोडची धातूची पाठ मधल्या पायाला जोडलेली असते, म्हणजे तिच्यावर १२ व्होल्ट असतात; अभ्रकाची चकती न घालता पेटीला कसली तर शॉर्ट होईल. बॅटरीच्या धन टोकाजवळच १० अँपिअरचा फ्यूज आणि बॅटरी १०.८ व्होल्टला उतरली की तिची जोडणी तोडणारं कटऑफ विसरू नये.

चाचणी रात्रीच घ्यावी, कारण इन्फ्रारेड दिवे लागल्यावरच भार पूर्ण असतो. एमसीबी (मेन्सचा स्विच) दहा वेळा बंद-चालू करून डीव्हीआरच्या लॉगमध्ये एकही रीस्टार्ट नसेल, तरच कंत्राटदाराचं बिल मंजूर करावं, ही विनंती.

आपला,
बी विंगमधील सभासद