त्या ढालींना वॉर्निश लावू नका

मा. संपादक,

ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या लाकडी ढालींवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात साऱ्या ढाली एकाच माळेत ओवल्या आहेत, आणि वर, घरी आणलेल्या ढालीला चमक येण्यासाठी वॉर्निश लावा, असा सल्ला आहे. तो कृपया कोणी पाळू नये.

ढाल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कातड्याची, पितळी फुल्यांची गोल ढाल येते. क्वीन्सलँडच्या ईशान्येला, केर्न्सच्या आसपासच्या पर्जन्यवनातली ढाल पार निराळी. जवळजवळ मीटरभर उंच, एका अंगाने बाक घेतलेली. वड-उंबराच्या कुळातल्या झाडांची मुळं बुंध्यापाशी फळ्यांसारखी उभी पसरतात, त्यांतून ती काढतात. झाड पाडावं लागत नाही. मध्यभागी जाड उंचवटा राखतात, कारण त्याच्याच मागे मुठीची खोबण कोरायची असते. तो नसता तर ढाल नेमकी हातापाशीच पातळ पडली असती. समोरची तलवारही लाकडाचीच, लांब नि जड, एका हाताने पेलायची. म्हणून ढाल एवढी मोठी.

लाकूड तासून झालं तरी काम निम्मंच होतं. वयात आल्याची दीक्षा झालेल्या तरुणाला कोरी ढाल मिळे, मग तिच्यावर त्याची नक्षी चढे. ढालीचा धनी आणि त्याचा एक साथीदार दोन टोकांकडून वेताच्या कुंचल्याने रंगवत येत. तांबडी-पिवळी काव, पांढरी माती, कोळसा आणि माणसाचं रक्त, एवढेच रंग. ती नक्षी पाहून माणूस कोणाचा, कुठला हे कळे. ती पुसली गेली की हाती उरतो तो नुसता लाकडाचा तुकडा.

आणि ती सहज पुसली जाते. हे रंग लाकडात मुरत नाहीत, वर बसतात. ओलं फडकं फिरवलं की काव फडक्यावर येते. तेल किंवा वॉर्निश पाजलं की पांढरी माती अर्धपारदर्शक होते, खालचं काळपट लाकूड दिसू लागतं, आणि ते पूर्ववत करता येत नाही. रंग सुटत नसेल तरच मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी. उन्हात टांगू नये.

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेकडे, मरे नदीच्या खोऱ्यात, रंगापेक्षा कोरीवकाम महत्त्वाचं. सोट्याचा घाव अडवायची ढाल अरुंद, टणक लाकडाची, मूठ त्याच ठोकळ्यातून कोरलेली. भाल्यासाठीची रुंद आणि पातळ. मध्य ऑस्ट्रेलियातली ढाल तर आपल्या पांगाऱ्याच्या भाऊबंदाची! सावंतवाडीच्या खेळण्यांना पांगारा का चालतो हे ठाऊक असणाऱ्याला ते लगेच उमगेल: लाकूड हलकं, तासायला मऊ. तिच्यावर भालाफेकीच्या फळीची कड घासून विस्तवही पाडत.

तिकडे जाणाऱ्यांनी ढाल घेताना कारागिराचं नाव, त्याचा समाज आणि लाकूड कोणतं हे विचारावं. इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू आदिवासींच्या म्हणून विकल्याबद्दल ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने २०१९ मध्ये एका घाऊक विक्रेत्याला २३ लाख डॉलर दंड केला होता. तीनही उत्तरं मिळाली नाहीत, तर ढाल दुकानातच ठेवावी.

– एक वाचक, ठाणे