आधी रेडिओ, मग पुस्तक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी'वरचा, म्हणजे अंतराळातल्या त्या विनोदी इंग्रजी विज्ञानकथेवरचा, लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने वाचला, कारण मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळेल असे मला कधी वाटले नव्हते; दुसऱ्यांदा मात्र हातात पेन्सिल घेऊन वाचला. या गाजलेल्या कादंबरीवर पुढे रेडिओ मालिकाही निघाली, असे त्यात म्हटले आहे, आणि चाहत्यांना हे जग पुस्तकांच्या दुकानात सापडले असे सांगून लेखक थेट २००५च्या चित्रपटाकडे वळले आहेत. हा क्रम उलटा आहे आणि तो उलटा छापला गेल्याचे मला मनापासून वाईट वाटले.

इंग्रज लेखक डग्लस अ‍ॅडम्स यांनी ही गोष्ट प्रथम बीबीसीच्या रेडिओ ४ साठी लिहिली. पहिला भाग ८ मार्च १९७८ रोजी, बुधवारी रात्री साडेदहाला लागला. पुस्तक आले ऑक्टोबर १९७९ मध्ये, आणि त्यातली कथा मुख्यतः रेडिओच्या पहिल्या चार भागांतलीच आहे. दूरचित्रवाणीवरची मालिका तर १९८१ची. म्हणजे पुस्तक हातात येण्याआधी दीड वर्ष ज्यांनी ही मालिका ऐकली, पुढच्या बुधवारची वाट पाहिली आणि दुसऱ्यांना सांगितली, त्या श्रोत्यांना आपल्या लेखात जागाच नाही. मी त्या श्रोत्यांपैकी एक आहे.

त्या वर्षी मी उत्तर इंग्लंडमधील एका रुग्णालयात भूलशास्त्र विभागात कनिष्ठ डॉक्टर होते. रात्रपाळीला बोलावणे येईपर्यंत खोलीत थांबायचे, आणि सोबतीला एक लहानसा ट्रान्झिस्टर. त्या बुधवारी तो बातम्यांनंतर चालूच राहिला, एवढाच माझा 'शोध'. कार्यक्रमाची फारशी जाहिरात झालेली नव्हती आणि वेळही अशी, की बरेचसे लोक झोपायच्या तयारीत असावेत. मला तर हा विनोदी कार्यक्रम आहे हेसुद्धा कळले नाही. तोवर मी ऐकलेल्या तिथल्या विनोदी कार्यक्रमांत समोर बसलेल्या प्रेक्षकांचे हसणे ऐकू येई; इथे प्रेक्षक नव्हतेच. निवेदक पीटर जोन्स यांचा शांत, समजूतदार आवाज काहीतरी माहिती देत होता, आणि मग एक माणूस आपले घर पाडायला आलेल्या बुलडोझरपुढे चिखलात आडवा पडलेला होता.

त्याच आठवड्यात मला वडिलांचा एरोग्राम आला होता. आमच्या गावातले घर रस्त्याच्या रुंदीकरणात जाणार होते. घरी कोणी आले नाही, हातात कागद कोणी दिला नाही. नोटीस तालुक्याच्या एका कचेरीतल्या फलकावर लावली होती, तीही दुसऱ्या कागदांखाली, आणि वडिलांना ती कळली तेव्हा हरकत घेण्याची मुदत संपून गेली होती. तिथल्या साहेबांनी त्यांना सांगितले की नोटीस रीतसर लावलेली होती, वाचणे तुमचे काम होते. चाळीस वर्षे शिक्षकी केलेल्या माझ्या वडिलांनी ते वाक्य पत्रात जसेच्या तसे उतरवले होते, आणि त्याखाली दुसरे काही लिहिले नव्हते.

आणि रेडिओवरचा अधिकारी चिखलात पडलेल्या त्या माणसाला, आर्थर डेंटला, नेमके तेच सांगत होता. नकाशे कित्येक महिने पाहण्यासाठी ठेवलेले होते, तुम्हीच आला नाहीत. ते ठेवले होते तळघरात, बंद पडलेल्या शौचालयातल्या कुलूपबंद कपाटाच्या तळाशी. थोड्याच वेळात आकाशात व्होगॉन नावाच्या परग्रहवासीयांची याने आली आणि साऱ्या पृथ्वीला तेच उत्तर मिळाले, की अंतराळातल्या हमरस्त्यासाठी तुमचा ग्रह पाडायचा आहे, आराखडे अल्फा सेन्टॉरी या दूरच्या ताऱ्याकडच्या कचेरीत पन्नास वर्षे लावलेले होते, आता तक्रार कसली करता? मी खूप हसले, आणि हसता हसता रडले. शेजारच्या खोलीतला वेल्श सहकारी काय झाले ते पाहायला दारात आला, तेव्हा मी त्याला तो एरोग्राम इंग्रजीत वाचून दाखवला. पुढच्या बुधवारी तो स्वतःची खुर्ची घेऊन माझ्या खोलीत आला.

चाहते असे मिळत गेले, संपादक महोदय. तिसऱ्या भागापर्यंत आम्ही पाच जण झालो होतो, त्यात दोन परिचारिका आणि रात्रीचा एक वॉर्डबॉय. २९ मार्चला, चौथ्या भागाच्या वेळी, मी शस्त्रक्रियागृहात होते, एक फुटलेले अपेंडिक्स आले होते. पहाटे बाहेर आले तर तो वेल्श सहकारी जिन्यात उभा होता आणि त्याने मला एवढेच सांगितले, 'बेचाळीस.' मला काहीच कळले नाही. (त्या भागात एक महासंगणक जीवन, विश्व आणि साऱ्याच गोष्टींविषयीच्या अंतिम प्रश्नाचे उत्तर म्हणून हा आकडा सांगतो.) त्याने तो भाग रेडिओसमोर धरून कॅसेटवर घेतला होता, मध्येच कोणाचा तरी खोकला आणि किटलीची शिट्टी होती, आणि ती कॅसेट त्या रुग्णालयात इतक्या हातांतून फिरली की शेवटी तिची फीत चुरगळली. आपला लेख म्हणतो की ४२ या आकड्याचे वेड 'पुस्तकाच्या पानांतून' पसरले. त्या वेळी पुस्तकाचे एक पानसुद्धा छापलेले नव्हते. पहिले पर्व त्याच वर्षी पुन्हा ऐकवले गेले, तेव्हा कुठे मी तो प्रसंग किटलीविना ऐकला.

ही गोष्ट मुळात कानांसाठी रचलेली होती, हेही लेखात यायला हवे होते. स्टिरिओत केलेली बीबीसी रेडिओची ती पहिली विनोदी मालिका. निर्माते जेफ्री पर्किन्स आणि बीबीसीच्या रेडिओफॉनिक वर्कशॉप या ध्वनिपरिणाम विभागातले लोक फिती कापून, जोडून, एकावर एक चढवून ते आवाज घडवत होते. पृथ्वी नष्ट होताना दाखवायला चित्रपटाला किती खर्च आला असेल मला ठाऊक नाही, पण काळोख्या खोलीत, एका लहान ट्रान्झिस्टरवर, तो आवाज आणि त्यानंतरची शांतता मी ऐकली आहे. सेहेचाळीसहून अधिक वर्षे ती शांतता माझ्याबरोबर आहे. दुसऱ्या पर्वाचे पाच भाग जानेवारी १९८० मध्ये सलग पाच रात्री लागले, तोवर आमच्या घराच्या जागी खडी पडली होती.

लेखकांनी मेहनत घेतली आहे, हे मी मानते. अ‍ॅडम्स यांच्या २००१ मधल्या अकाली निधनाचा परिच्छेद त्यांनी फार चांगला लिहिला आहे. तरीही येत्या रविवारी त्याच पानावर, सहज दिसेल अशा ठिकाणी, दुरुस्ती छापावी अशी माझी विनंती आहे.

याच ओघात आणखी एक गोष्ट लिहिते. आपल्या अंकात पूर्वी आकाशवाणीच्या कार्यक्रमांचे पाव रकान्याचे वेळापत्रक येत असे, ते काही काळापासून बंद झाले आहे. मी दोन पत्रे पाठवली, उत्तर आले नाही. मोबाइलवर सगळे मिळते, असे माझी नात सांगते. पण माझ्याबरोबर सकाळी फिरायला येणाऱ्या सात जणींपैकी चौघी आजही रेडिओ ऐकतात आणि रात्री साडेदहाला काय आहे हे त्यांना अंकात पाहायचे असते. तो पाव रकाना परत द्यावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूलतज्ज्ञ, सातारा