अलॉय चाकांचा रंग भट्टीत जाळून काढल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
चाकांचे रंगकाम व पावडर कोटिंग विभाग,
उत्तर गोवा

विषय : कोटेशनमध्ये केमिकलने रंग काढू असे लिहून प्रत्यक्षात चाके भट्टीत घातल्याबाबत

महोदय,

तुमच्याकडून परत आलेली माझ्या गाडीची चारही अलॉय चाके दिसायला सुरेख आहेत. कुठे डाग नाही, ओघळ नाही. माझी तक्रार रंगाखालच्या धातूबद्दल आहे. तेव्हा 'चाके नव्यासारखी दिसतात, मग अडचण काय' हे उत्तर कृपया पुन्हा पाठवू नका.

ही गाडी पूर्वी वास्कोला बंदराजवळ उघड्यावर उभी असायची. खडा लागून लॅकरचा (रंगावरच्या पारदर्शक थराचा) टवका उडाला की तिथून खारे पाणी आत शिरते आणि लॅकरखाली पांढऱ्या, अळीसारख्या रेषा पसरत जातात. तसेच झाले. वरून नुसता रंग मारला असता तर तो पुढच्या पावसाळ्यात पापुद्र्यासकट सुटला असता, म्हणून जुना थर धातूपर्यंत काढणे भाग होते. तुमच्या कोटेशनमध्ये स्पष्ट लिहिले आहे : ॲल्युमिनियमला चालणाऱ्या केमिकलने रंग काढणे, काचेच्या मण्यांचे हलके ब्लास्टिंग, प्रायमर, मग पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पूड फवारून ती भाजून पक्की करणे). लोखंडासाठी वापरतात ते कॉस्टिक सोड्याचे गरम पाणी ॲल्युमिनियमलाच खाते, ते वापरू नका, हेही मी काउंटरवर बजावले होते. तुमचा माणूस हसून म्हणाला, "काका, आमचे हे रोजचेच काम."

चतुर्थीच्या आधी गाड्या द्यायच्या म्हणून पुढे घाई झाली असावी. काम कुठवर आले असे मी विचारले, तेव्हा तुमच्याच कार्यालयाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. त्यात माझी चाके रंग जाळायच्या भट्टीच्या तोंडाशी ट्रॉलीवर आहेत, शेजारी कुणाचे तरी कंपाउंडचे लोखंडी गेट. जुन्या रंगाची राख झालेली दिसते. पॅनलवरचा आकडाही वाचता येतो : ४१०. एका चाकाच्या आऱ्यावर फुटपाथला घासल्याची खूण आहे, त्यामुळे चाके कोणाची हा वाद नको. पुरावा तुम्हीच दिलात, त्याबद्दल आभार.

यावर फोनवर मला ऐकवण्यात आले की ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, ४१० ने काय होणार? शुद्ध ॲल्युमिनियमचा आकडा बरोबर आहे. पण गाडीचे चाक शुद्ध ॲल्युमिनियमचे नसते, आणि चाके वितळली असे मी म्हटलेलेही नाही. नोकरीचा बहुतेक काळ मी बार्ज दुरुस्तीच्या यार्डात काढला आहे, धातूशी माझी थोडीफार ओळख आहे. बहुतेक ओतीव चाकांच्या मिश्रधातूत साधारण ७ टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असते. कारखान्यात ओतल्यावर चाक ५४० अंशांच्या आसपास काही तास तापवतात, पाण्यात विझवतात आणि मग दीडशेच्या वरच्या मंद उष्णतेवर पुन्हा काही तास ठेवतात. त्यातून मॅग्नेशियम-सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. चाकाची ताकद त्यांच्यावर असते. चारशेच्या वर हे कण एकमेकांत मिळून मोठे आणि विरळ होतात, धातू मऊ पडतो. असे मिश्रधातू मुद्दाम मऊ करायचे असतील तर साधारण याच तापमानाला तापवतात! लोहाराने पाणी दिलेला कोयता पुन्हा आगीत टाकला तर पाते तसेच दिसते, पाणी मात्र उतरलेले असते. माझ्या चाकांचे तेच झाले असणार, आणि वरून तुम्ही छान चंदेरी रंग दिलात.

पावडर कोटिंगही १८०-२०० अंशांवरच भाजतात, मग त्यालाही हरकत घ्या, असे तुमचे सुपरवायझर म्हणाले. ते भाजणे दहा-वीस मिनिटांचे असते आणि तापमान या भट्टीच्या निम्म्याच्या आसपास. दोन्ही एकाच पारड्यात घालू नका.

या गाडीने माझा मुलगा बायकामुलांना घेऊन चोर्ला घाटातून बेळगावला जातो. पावसानंतर त्या रस्त्याची काय दशा असते ते तुम्हाला माहीत आहे. (खड्ड्यांची तक्रार वेगळ्या खात्याकडे आहे, ती तुमच्यावर ढकलत नाही.) मऊ पडलेली रिम खड्ड्यात वाकली तर ट्यूबलेस टायरची हवा एका दमात जाते. आऱ्याच्या मुळाशी तडा गेला तर तो नव्या रंगाखाली दिसणारही नाही.

बाकीचे किरकोळ : नट बसतात त्या खोबणीतही जाड कोटिंग चढवले होते. ते दबले की नट सैल पडतात. टायरवाल्याने ते खरवडून काढले, त्याचे पैसे मी मागत नाही.

बिलात मात्र 'केमिकल स्ट्रिपिंग' म्हणून रक्कम लावली आहे. जे केलेच नाही त्याचे पैसे घेतले, ही सेवेतली त्रुटी आहेच, शिवाय ग्राहकाची फसवणूकही आहे.

माझी मागणी अशी. त्याच मापाची चार नवी चाके द्या आणि बिलाची पूर्ण रक्कम परत करा. चाके शाबूत आहेत असा तुमचा दावा असेल, तर एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत, तुमच्या खर्चाने, माझ्यासमोर काठिण्य चाचणी करा, त्याच मॉडेलच्या भट्टीत न गेलेल्या चाकाशी तुलना करून. निकाल तुमच्या बाजूने लागला तर चाकांची मागणी सोडेन. केमिकलचे पैसे तरीही परत करावे लागतील.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर हवे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

चाके काढून ठेवली आहेत. गाडी सध्या उसन्या लोखंडी डिस्कवर चालते. 'पुन्हा कोटिंग करून देतो, चाके पाठवा' हा निरोप दोनदा आला. चाचणी होईपर्यंत ती तुमच्या ताब्यात देणार नाही. बघायची असतील तर आधी फोन करून घरी यावे.

सोबत : कोटेशन, बिल आणि तुम्ही पाठवलेला फोटो यांच्या प्रती.

आपला,
एक ग्राहक
डिचोली, गोवा