आई-बाबा, पाटल्या मी स्वतःच घेऊन येते

दुबई, ६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "शेजारच्या काकूंचा मुलगा आलाय ना तिकडे, त्याच्या हातात दे, कोण विचारतंय." मी तेव्हा नुसतं 'बघते' म्हटलं. बघून झालं, ठरवूनही झालं. आईसाठी घेतलेल्या सोन्याच्या पाटल्या त्याच्याकडे देणार नाही, कुरिअरनेही पाठवणार नाही. जानेवारीत आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला येईन तेव्हा स्वतः आणेन आणि मुंबईला रीतसर कर भरूनच घरात आणेन. म्हणजे त्याआधी होणाऱ्या चिमीच्या साखरपुड्याला आईच्या हातात काचेच्या बांगड्याच असतील. आई, हे वाचून तू "काही बिघडत नाही गं" म्हणशील, ते मला इथे ऐकू येतंय. पण मला बिघडतं. त्या वर्षी तुझे हात कशासाठी मोकळे झाले ते मी विसरलेली नाही. म्हणूनच या पाटल्या चोरवाटेने घरात यायला नकोत.

आता बाबा, तुम्हाला हिशेब लागतो, तर हिशेब सांगते. चष्मा लावून वाचा.

सगळीकडे एकच ऐकू येतं की बाईमाणसाला ४० ग्रॅम सोनं माफ आहे. अर्धंच खरं आहे ते. २०१६ च्या बॅगेज नियमांत ही सवलत एक वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परत येणाऱ्यालाच आहे. बाईला ४० ग्रॅम, पण किंमत १ लाखापर्यंत. पुरुषाला २० ग्रॅम, किंमत ५० हजारांपर्यंत. वजन आणि किंमत दोन्ही मर्यादेत बसावं लागतं. नियम आला तेव्हा दहा ग्रॅमचा भाव तीस हजारांच्या आसपास होता, तेव्हा त्या दोन आकड्यांचा थोडाफार मेळ होता. आज भाव सव्वा लाखाच्या घरात गेलाय, त्यामुळे लाखात २२ कॅरेटचं जेमतेम ९ ग्रॅम बसतं. ४० चा आकडा कागदावरच राहिला. लोक फसतात ते इथेच.

काकूंचा मुलगा कंपनीच्या कामाला पाच दिवसांसाठी आलाय. त्याला यातली कुठलीच सवलत नाही. पाटल्यांचं वजन ४० ग्रॅम आहे, कस्टमच्या हिशेबाने किंमत ४ लाख ४० हजार धरू. त्याच्यासारख्याला दर ३८.५ टक्के, म्हणजे ३५ टक्के कर आणि त्या करावर १० टक्के अधिभार. होतात १ लाख ६९ हजार ४०० रुपये. तो ते भरणार नाही, आणि त्याने का भरावेत? मग उरतं काय, तर न सांगता ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे कर भरण्यासारखं काही नसलेल्यांच्या वाटेने, निघून जाणं. पकडला गेला तर दागिना जप्त, वर दंड, आणि पासपोर्टावर नाव त्याचं. दागिना माझा आणि गुन्हा त्या पोराचा, असं मी काकूंना कोणत्या तोंडाने सांगू?

मी आणलं तर गोष्ट वेगळी. सहा महिने परदेशात राहून परतणाऱ्या भारतीय माणसाला सोन्यावर सवलतीचा दर मिळतो. २४ जुलै २०२४ पासून तो ६ टक्के झालाय (५ टक्के मूळ सीमाशुल्क आणि १ टक्का कृषी उपकर), तोही एक किलोपर्यंत. त्या सहा महिन्यांत मधे घरी येऊन गेलं तरी चालतं, फक्त सगळे दिवस मिळून ३० च्या वर जायला नकोत आणि त्या फेरीत ही सवलत घेतलेली नको. बाबांच्या अँजिओप्लास्टीला ऑगस्टमध्ये मी १२ दिवस आले होते आणि सोबत काही आणलं नव्हतं, त्यामुळे मी बसते नियमात. ४ लाख ४० हजारांचे ६ टक्के म्हणजे २६,४००. लाखाची माफी अधिकाऱ्याने धरली तर २०,४००. मी मोठा आकडाच बाजूला काढून ठेवलाय. हा कर परकीय चलनात भरावा लागतो, ही अटच आहे. म्हणून ४०० डॉलर वेगळ्या पाकिटात ठेवणार आहे. किमतीसाठी सरकार दर पंधरवड्याला सोन्याचं मूल्य जाहीर करतं आणि चलनाचा दरही कस्टमचाच असतो. तेव्हा माझ्या बिलावरच्या आकड्यात आणि त्यांच्या आकड्यात फरक पडेल. पावती बघून "तुला जास्त लावलं" म्हणू नका.

आणि आई, मोत्यांचं का नाही घेतलं ते सांगते, नाहीतर तुला वाटेल मी कंजुषी केली. हा ६ टक्क्यांचा दर खडे किंवा मोती जडवलेल्या दागिन्याला मिळत नाही. चिंचपेटी, तन्मणी इथून आणायची म्हणजे सरळ ३८.५ टक्के. तुझी चिंचपेटी आपण सोलापुरातच आपल्या सराफाकडे करू, तू समोर बसून मोती निवड. इथून फक्त साधं सोनं. पाटल्या अगदी साध्या आहेत, चपट्या, कडेला बारीक गोठ आणि मधे काही नाही. तुझ्या जुन्या होत्या तशाच. लहानपणी मी त्या तुझ्या मनगटावर वरखाली फिरवत झोपायचे, आणि पहाटे भाकरी थापताना तू त्या कोपरापर्यंत सरकवायचीस, तो आवाज.

बाबा, तुमच्या भाषेत ४० ग्रॅम म्हणजे चार तोळे नाहीत हं. तुमचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताचे सराफ १० चा धरतात. तुमच्या मापाने साडेतीन तोळ्यांहून थोडं कमी भरेल. आधीच सांगून ठेवते, नाहीतर काट्यावर ठेवल्यावर तुम्ही दुकानदाराला बोल लावाल.

कुरिअरचं चिमीने सुचवलं होतं. तिला सांगा, नाही जमत. भेट म्हणून पाच हजारांपर्यंत करमाफी असायची ती डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली, फक्त राखी आणि जीव वाचवणारी औषधं वगळून. त्यात साध्या सोन्याच्या दागिन्यांच्या आयातीवर जुलै २०२३ पासून निर्बंध आहेत. पार्सल अडकलं की सोडवायला कागदपत्रं मागतील तुमच्याकडून, आणि तुम्ही दोघं बसाल फोन लावत. त्या निमित्ताने कोणी फोन करून "तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, एवढे पैसे पाठवा" म्हणालं तर एक रुपया द्यायचा नाही, फोन ठेवायचा आणि मला कळवायचं. बाबा, हे तुम्हाला सांगतेय. आईने आधीच ठेवला असता.

अंगावर घालून आले की चालतं असंही म्हणतात. कायद्यात तसं काही नाही. हातात असो की पर्समध्ये, नवा दागिना तो नवाच. मी उतरले की थेट रेड चॅनेलला, म्हणजे सामान जाहीर करायच्या वाटेला, जाईन. बिल, पासपोर्ट आणि येण्याजाण्याचे शिक्के दाखवेन. ते वजन करतील, शुद्धता बघतील, किंमत लावतील, मग पैसे भरायचे आणि पावती घ्यायची. समजा काही कारणाने भरता नाही आले, तरी प्रामाणिकपणे सांगितलेली वस्तू त्यांच्याकडे ठेवून पावती घेता येते आणि परत जाताना सोडवता येते. म्हणजे पाटल्या जात नाहीत, कुठेच जात नाहीत. या सगळ्याला तास-दोन तास सहज लागतील. म्हणून दुपारच्या वंदे भारतचं तिकीट काढू नका, रात्रीच्या सिद्धेश्वरचं काढा. आणि बाबा, मला घ्यायला मुंबईला यायचं नाही. स्टेशनवर सकाळी रिक्षा मिळते. तुम्ही घरी चहा टाका, तेवढं पुरे.

हॉलमार्कचा प्रश्न राहिला. इथल्या दागिन्यावर ९१६ चा शिक्का असतो, आपल्याकडचा सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) नसतो. तो नियम भारतात विकणाऱ्या दुकानदाराला आहे, घालणाऱ्याला नाही. पुढे कधी मोडायला नेल्या तर सराफ तपासून घेईल. (मोडायच्या नाहीत. लिहितेय आपलं माहितीसाठी.) बिल आणि कस्टमची पावती एकत्र लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या पिशवीत घालून लॉकरमध्ये ठेवायची.  आणि मुलीने आई-वडिलांना दिलेल्या दागिन्यावर प्राप्तिकर नाही, ते मनातून काढून टाका.

हे पत्र लांबतंय, पण उन्हाळ्यात तुम्ही इकडे येणार त्याबद्दल आत्ताच सांगायला हवं. आई, पाटल्या आणि मोहनमाळ घालून यायची इच्छा असेल तर निघताना मुंबईला कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावं लागेल. त्याशिवाय परत येताना 'हे इथलंच आहे' हे सिद्ध करणं कठीण जातं, आणि महिनाभर फिरून येणाऱ्या तुम्हाला माफीही लागू नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचं वजन-किंमतीचं पत्र, दागिन्याचे जवळून काढलेले फोटो, असतील ती बिलं, तिकीट आणि पासपोर्ट लागेल. चेक-इन करायच्या आधी दागिने हातात घेऊन जायचं, बॅगेत टाकायचे नाहीत. दोन तास जादा धरायचे. मोहनमाळेचं बिल कुठून असणार म्हणा, आजीची ती. म्हणून माझं ऐकशील तर रोजचं मंगळसूत्र घालून ये, बाकी लॉकरमध्ये राहू दे. इथे तुला कोणाला काही दाखवायचं नाहीये. तुझ्यासाठी खोलीत गिझरचा नळ खाली बसवून घेतलाय, पलंग भिंतीला लावलाय, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे. ज्वारीचं पीठ मिळतं. शेंगाचटणी मात्र तूच आण.

बाबा, रक्त पातळ करायची गोळी साखरपुड्याच्या धावपळीत चुकवायची नाही. चिमीला मोबाइलवर गजर लावून दिलाय. मांडववाल्याशी, आचाऱ्याशी घासाघीस करायला दादाला पाठवा. कडक भाकरी दाताने तोडणं बंद म्हणजे बंद, आमटीत चुरून खा. आई, गुडघ्याचा पट्टा उभं राहायच्या आधी बांधायचा, दुखायला लागल्यावर नाही. मी रागावत नाहीये. दुरून दुसरं काय करता येतं मला?

आणि पाटल्या आल्या की "चिमीलाच देऊन टाकते" असं आत्तापासून ठरवू नकोस. तिचं मी वेगळं बघितलंय. या तुझ्या आहेत.

आता एक काम. वजन ठरवून पैसे दिलेत, पण माप अजून दिलेलं नाही. तुझ्या हिरव्या काचेच्या बांगड्यांतली जी साबण न लावता चढते, ती चिमीच्या पट्टीवर ठेव आणि आतली रुंदी मोज, काठापासून काठापर्यंत. ५७ मिलिमीटर भरली तर दोन-चार, ६० भरली तर दोन-सहा, साडेत्रेसष्ट असेल तर दोन-आठ. संध्याकाळी मोज, दिवसभरात तुझे हात सुजतात. आणि पाटली काचेच्या बांगडीपेक्षा रुंद असते, ती थोडी घट्ट बसते. दोन मापांच्या मधे आलीस तर मोठंच सांग. रविवारपर्यंत आकडा कळव.

तुमची,
माई